बात्रीतलं गाऱ्हाणं

१

कचऱ्यावरून माझं आणि बसंतीचं कडाक्याचं भांडण झालं, तिथून हे सगळं सुरू झालं. त्या दिवशी मी बसंतीला जे जे बोलले ते भलत्याच माणसाला बोलले, हे आता कळतं. पण राग आला होता तो खोटा नव्हता. तो अजून आहे, आणि कुणावर काढायचा हेही आता मला ठाऊक आहे.

नव्या जागेत मी सकाळचा नेम साधा ठरवला होता, आणि तो पहिलाच दिवस. खोली झाडायची, चुलीतली राख, माशांची खवलं, कांद्याची सालं एका जुन्या डब्यात भरायची, आणि कामाला जाताना डबा तटावरून खाली समुद्रात रिकामा करायचा. त्या दिवशी त्यात एक फुटकी बशीही होती. निळ्या फुलांची. सिक्लोनमध्ये, म्हणजे चक्रीवादळात, आमचं घर गेलं तेव्हा जेवढं काही वाचलं त्यातली ही एक, आणि तीही शेवटी माझ्याच हातून फुटली. वैतागून मी ती भिरकावली. खडकावर आपटल्याचा आवाज ऐकला आणि उसाच्या शेतावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बशी उंबऱ्यावर होती. तुकडे एकमेकांना नीट लावून ठेवलेले, पाण्यानं निथळणारे. शेजारी कालचीच खवलं, कालचीच सालं आणि भिजून गोळा झालेली राख.

मी पदर खोचला आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथं बसंती आणि तिचा मासेमारी करणारा नवरा राहत होते. ती भोजपुरी घरची, मी मराठी. भांडायला आम्हाला बेटावरची क्रेओल बोलीच सोयीची पडायची.

"माझा कचरा वेचून माझ्याच दारात टाकतेस? एवढा रिकामा वेळ आहे तुला?"

"आयो देवकी, तो फू त्वा?" म्हणजे, वेड लागलंय का तुला? "तुझी खवलं वेचायला मी समुद्रात उतरेन? माझ्या घरात काय खवलं कमी आहेत?"

बोलणं वाढलं. तिनं माझ्या सासऱ्यांना काढलं, मी तिच्या नवऱ्याच्या बाटलीला. त्या दिवशी संध्याकाळी मी बशीचे तुकडे फडक्यात बांधून लांब रस्त्यापलीकडे शेतात पुरून आले. मुद्दाम, बसंती बघत असताना.

सकाळी ते उंबऱ्यावर होते. फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती.

२

आम्ही तिथं राहायला गेलो ते हौसेनं नव्हे. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरिनाम नावाच्या गावात आमचं लाकडाचं आणि पत्र्याचं घर होतं. पंचाहत्तर सालच्या सिक्लोननं ते उचललं आणि कुठं नेऊन टाकलं ते अजून कळलेलं नाही. माझा नवरा देवराज आधीच वारला होता. उरलो मी, माझी लेक निर्मला आणि सासरे बाबूराव. काही दिवस शाळेच्या वर्गात काढले. मग एक साहेब आला आणि म्हणाला, प्वेंतवर पक्की जागा रिकामी आहे, तात्पुरते तिथं राहा.

प्वेंत म्हणजे समुद्रात घुसलेलं भूशिर. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे दगडी तट, आणि तटात पूर्वी फाटक होतं तिथं आता नुसतं खिंडार. आत काळ्या दगडाच्या खोल्या. सगळे त्याला बात्री म्हणत, म्हणजे तोफांचा मोर्चा. फ्रेंचांनी इंग्रजांना अडवायला तोफा लावून ठेवल्या होत्या. इंग्रज उत्तरेकडून उतरले, इकडे फिरकलेसुद्धा नाहीत. एवढा पहारा देऊन मिळालं काय? एक तोफ अजून गवतात पडलेली होती. तिला आम्ही बकरी बांधायचो आणि तटावर मासे वाळत घालायचो.

आमच्या वाट्याला दारूगोळ्याची खोली आली. हातभर जाडीच्या भिंती, कमानीचं छत, आणि समुद्राच्या बाजूला हात जाईल एवढ्याच उभ्या फटी. साहेबानं हे सगळं तटाबाहेरूनच बोट दाखवून सांगितलं. आत तो आलाच नाही. पुढंही कुणी साहेब, कुणी टपालवाला कधी आत आला नाही. मी ते आळसावर घातलं. गरिबाच्या दारात पाय ठेवायला या लोकांचे बूट मळतात, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची.

सामान आत ठेवण्याआधी मामंजींनी गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणी लोकांची ही जुनी रीत. नव्या जागेत मुकाट घुसायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यानं नारळ हातात धरून त्या जागेच्या राखणदाराला हाक मारायची, घरातली माणसं नावानिशी त्याच्या हवाली करायची, आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. मामंजींच्या आज्याला आगबोटीतून ऊस तोडायला आणलं, तेव्हा त्यानंही किनाऱ्यावर पाय ठेवताच घातलं होतं म्हणे.

"बा म्हाराजा, ह्या जागंच्या राखणदारा!" मामंजींचा आवाज खोलीत घुमला. "आमी लांबची मानसं. तू आमाला वळकत न्हायस, आमी तुला वळकत न्हाय. आमचं घर वाऱ्यानं नेलं. हा मी बाबूराव, ही सून देवकी, ही नात निर्मला. तिगांना तुज्या पदरात घातलंय. बाहेरचं काय आत येऊ देऊ नको, आतलं काय बाहेर जाऊ देऊ नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी आणि निर्मला म्हणालो.

आणि मागून आणखी कुणीतरी म्हणालं. जाड, पुरुषी आवाज, आमच्याहून किंचित उशिरा. दगडी खोली आहे, प्रतिध्वनी असणार, असं मी मनाशी म्हटलं. बायकांच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुरुषाचा कसा होईल, हे त्या वेळी सुचलं नाही. डोक्यावर छप्पर आलं होतं, तेवढ्यानंच मी खूश होते.

३

बसंतीशी बोलणं बंद होतं ते तिच्या पूजेपर्यंत. पूजेच्या आदल्या दिवशी ती तोंड पाडून आली आणि आमचा मोठा टोप मागितला. भांडण असलं तरी देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? दिला. त्या दिवसांत तिचा दीर तटाबाहेर रस्त्याकडेला राहायचा, पूजा त्याच्या घरी होती.

सकाळी टोप आमच्या उंबऱ्यावर. आत अर्धी खीर, खिरीत बसंतीचा डाव, आणि वरून झाकलेलं तिच्या जावेचं ताट.

या वेळी भांडायला ती आली. "दिलेला टोप खिरीसकट उचलून आणलास? देवाचा प्रसाद गं!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी टोपाला हात लावून पाहिला. खीर अजून कोमट होती. टोपाचं बूड मात्र समुद्राच्या पाण्यानं ओलं होतं.

मग बकरी. माझा भाऊ हरिलाल लॉंग माउंटनला राहतो, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या पोरांना दूध होईल म्हणून मी आमची बकरी त्याला देऊन टाकली. तो तिला लॉरीतून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बें बें ऐकू आलं. बकरी उंबऱ्यावर उभी, थरथरत होती, गळ्यात हरिलालची साखळी, आणि साखळीच्या टोकाला त्याच्या अंगणातला लोखंडी खुंटा, मातीसकट.

आता खुंटा उपटून, सगळं बेट ओलांडून, रातोरात बकरी चालत येईल? मी पुष्कळ कारणं शोधली. लॉरीवाल्यानं चेष्टा केली असेल. हरिलाललाच बकरी नकोशी झाली असेल. एकही कारण खुंट्याच्या मातीपर्यंत पोचेना.

मामंजी मात्र तंबाखू मळत हसले. "राखनदार जागा हाय, सूनबाई. आपली वस्तू भायेर जात न्हाय. बरंच हाय की."

"बरं काय त्यात? माझी बकरी मी कुणाला द्यायची ते हा कोण ठरवणार?"

"असं बोलू नये," ते म्हणाले. पण त्यांनी हसणं थांबवलं.

४

पुढच्या वर्षी सितेत, म्हणजे सरकारनं बांधलेल्या नव्या वस्तीत, आम्हाला घर मिळालं. बसंतीलाही मिळालं. तिनं बोचकी बांधली, हातगाडीवर टाकली आणि गेली ती गेली. तिचं सामान तिच्याजवळ राहिलं. तिचं नाव कुणी कुणाच्या पदरात घातलंच नव्हतं.

आम्हीही गेलो. सिमेंटच्या भिंती, काचेची खिडकी, अंगणात नळ. निर्मला किती वेळ नळ उघडत आणि बंद करत होती. आम्ही दाराला कडी लावून झोपलो.

जाग आली ती थंडीनं. पाठीखाली गादी होती, ओलीचिंब, आणि गादीखाली काळा दगड. बाजूला निर्मला, पलीकडे मामंजी, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत. कमानीच्या छताकडे. आमची खोकी, टोप, दिवा, सगळं जिथल्या तिथं लावलेलं होतं. माझ्याहून नीट.

हे आम्ही पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. नंतर साहेबानं मला कचेरीत बोलावलं. "बाई, घर नको होतं तर आधी सांगायचं. लोक रांगेत आहेत. तुम्हाला सवयच लागलीय फुकट पडून राहायची." एवढं बोलून त्यानं किल्ली मागून घेतली. मी काय सांगणार होते? की साहेब, तुम्ही तात्पुरतं म्हणालात, पण तिथं कुणीतरी आहे ज्याला तात्पुरतं म्हणजे काय ते माहीत नाही? मी किल्ली त्याच्या टेबलावर आपटली आणि आले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं हे सगळ्यांचं चाललं होतं. साहेबानं मला त्या जागेला दिलं, सासऱ्यांनी दिलं, आणि मला कुणी विचारलं का?

घरी येऊन मी मामंजींना म्हटलं, "तुमी बोललात, तुमीच परत घ्या. दुसरा नारळ आनते."

"दिलेला शबूद परत कसा घेऊ गं? आनि त्यो चिडला तर?"

"आनि मी चिडले त्येचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. उद्या बघू म्हणाले. उद्या उद्या करत त्यांनी दोन पावसाळे काढले आणि एका दुपारी खाटेवरच डोळे मिटले.

त्यांना रीतसर अग्नी दिला. अस्थी आणि राख समुद्रात सोडली, बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मुद्दाम लांब. सकाळी उंबऱ्यावर करडा, ओला ढीग होता. मी तो पाहिला आणि समुद्राकडे तोंड करून पहिल्यांदा शिवी दिली.

बारावं झालं तेव्हा मी चुलीपुढे बसले होते. मागच्या कोपऱ्यातून खाकरण्याचा आवाज आला. मामंजींची सवय होती ती. सून एकटी असेल तिथं येण्याआधी सासऱ्यानं खाकरायचं, म्हणजे तिला पदर घेता येतो. माझा हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर आला, आणि मग तो हात तिथंच राहिला.

५

माणूस कशालाही सरावतो. कोपऱ्यात खाकरलं की मी पदर घ्यायची आणि पोळी लाटत राहायची. दिवसा शेतावर जायला आडकाठी नव्हती, बाजाराला जायला नव्हती. पहाटेला आत असलं की झालं. हेच आपलं नशीब, असं मी स्वतःपुरतं म्हणूनही टाकलं असतं. पण निर्मला मोठी झाली.

हरिलालनं पितों गावचं स्थळ आणलं. मुलगा चंद्रमोहन, शाळेत मास्तर, आपल्या मंडळाच्या गणपतीत झाकरीच्या नाचाला ढोलकी वाजवायचा. निर्मलानं त्याला लॉंग माउंटनला मामाच्या घरी पाहिलं, आणि परत आल्यावर तिला मीठ आणि साखर यांतला फरक कळेनासा झाला. एवढा आनंद मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता.

"आय, लग्न झाल्यावर मी तिकडं राहीन ना?" तिनं विचारलं. "सकाळी तिकडंच उठेन ना?"

मी म्हटलं, "उठशील. न उठायला काय झालं?" आणि तोंड फिरवलं.

बघावं म्हणून तिला हरिलालकडे चार दिवस राहायला धाडलं. पहिल्याच पहाटे मी दार उघडलं. निर्मला उंबऱ्यावर झोपलेली होती, मामाच्या घरचं पांघरूण अंगाभोवती गुंडाळलेलं, केस भिजलेले. पायांना वाळूचा कण नव्हता. ती चालली नव्हती. ऊन चढलं आणि तिचं अंग वाळलं, तेव्हा मिठाचे पांढरे वण दिसायला लागले. एक काखेखालून पाठीवर गेलेला, दुसरा गुडघ्यांच्या मागे. झोपलेल्या लेकराला उचलून आणताना आपले हात जिथं असतात, तिथं. फक्त ते फार रुंद होते.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून राग आला. तिला ओढून आणलं असतं, फरपटत आणलं असतं, तर निदान शत्रू आहे असं म्हणता आलं असतं. यानं तिला काळजीनं आणलं होतं. पांघरूण मानेपर्यंत ओढून दिलं होतं. माझ्या लेकीला पांघरूण घालणारा हा कोण?

६

मी निर्मलाला बसंतीकडे सितेत पाठवलं. बाजारातून नारळ आणला. भरदुपारी, ऊन फटींतून आत आलेलं असताना, मी खोलीच्या मागच्या भिंतीसमोर उभी राहिले. पदर डोक्यावर घेतला नाही. कमरेला खोचला.

"मामंजी! हितंच हाय तुमी, मला ठाऊक हाय. रोज खाकरताय, आता बोला. नातीचं लगीन ठरलंय. तिला तुमी दिलंत, तुमीच मागून घ्या. न्हायतर मी ह्या खोलीत दिवा लावनार न्हाय, तुमच्या नावानं पान वाढनार न्हाय, पितरपाखात घास ठेवनार न्हाय. उपाशी बसा दोघं!"

खाली लाटा खडकावर आपटत होत्या. आपण भिंतीशी भांडतोय, देवकी, असं माझं मन मला म्हणालं.

मग कोपऱ्यात खाकरणं झालं.

आवाज त्यांचाच होता, फक्त ओला. "बा म्हाराजा... हा मी बाबूराव. ही सून देवकी. दोगं तुज्या पदरात. निर्मला परक्याची झाली. ती आता तुजी न्हाय. तिला सोड. तिला वळकू नको. बाहेरचं काय आत येऊ देऊ नको, आतलं काय बाहेर जाऊ देऊ नको, रे म्हाराजा."

हुंकार भरायला मी तोंड उघडलं. त्याआधीच समुद्राच्या बाजूची पहिली फट काळी झाली. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. बाहेर कुणी एकामागून एक येऊन खांद्याला खांदा लावून उभं राहावं, तसं ऊन सरकत सरकत गेलं. त्या फटींबाहेर उभं राहायला जागा नाही. सरळ कडा आहे, खाली पाणी.

आणि मग हुंकार आला, चारी भिंतींतून. शब्द आमचे नव्हते, कुठल्याच भाषेतले नव्हते. ताल मात्र आमच्या गाऱ्हाण्याचा होता. इतकी वर्षं ऐकून ऐकून ते शिकले होते.

नारळ माझ्या हातातून पडून फुटला. ऊन परत आलं.

७

लग्न बसंतीच्या घरून लागलं. मी काळजी घेतली. बात्रीतली एक टाचणीसुद्धा निर्मलाच्या सामानात जाऊ दिली नाही. साड्या दुकानातून थेट बसंतीकडे, भांडी थेट बसंतीकडे. नेसल्या कपड्यांनिशी आलेली लेक मी तिच्याकडे न्हाऊ घातली आणि जुने कपडे परत घेऊन आले. लोक म्हणाले, आईनं पोरीला घरातली एक आठवणही दिली नाही, काय बाई आहे. म्हणू देत.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं. उंबरा कोरडा होता. मी तिथंच बसून पोटभर रडले. लेक सासरी नांदतेय म्हणून.

मग ती पहिल्यांदा माहेराला आली. मी सकाळपासून पुरण घातलं होतं. खिंडारात जाऊन उभी राहिले. ती रस्त्यावरून येताना दिसली, हिरवी साडी, हातात पिशवी. मी हाक मारली. ती हसत आली आणि माझ्यापासून चार हातांवर थांबली. डोळे माझ्यावरून फिरले आणि थांबले नाहीत.

"आय? कुठं हायस?"

"अगं, ही काय समोर!"

तिनं हात पुढे केला. तळवा उघडून, दगडावरून फिरवावा तसा माझ्या तोंडापुढे हवेत फिरवला. वर, खाली, बाजूला. "आय, किफेर, कशाला तट बांधून घेतलास? वाट कुठून ठेवलीस?"

तिला वळकू नको, असं सांगितलं होतं ना. त्यानं अक्षरशः पाळलं. बाहेरचं काय आत येऊ द्यायचं नव्हतं.

मी बाहेर गेले आणि तिला मिठीत घेतलं. बाहेर गेल्यावर मी तिला दिसले. त्या दिवसापासून माझ्या लेकीला मी तटाबाहेर, रस्त्याकडेला चटई टाकून जेवायला वाढते. माहेरवाशिणीला! कुठल्या जातीत, कुठल्या धर्मात माहेरवाशिणीला उंबऱ्याबाहेर बसवतात? पहिलं बाळंतपण आईकडे असतं. माझ्या निर्मलाचं सासरी झालं. बारशाला गेले ती पाळणा हलवून तशीच उठले, संध्याकाळच्या बसनं परत. विहीणबाई म्हणाल्या, एक रात्र राहिलात तर काय झिजाल का? काय झिजेन ते मी त्यांना कसं सांगू?

८

काल रविवार होता. निर्मला लेकीला घेऊन आली होती. अनुसया नाव ठेवलंय, माझ्या आईचं. चंद्रमोहननं कुणाची तरी मोटार आणली होती. चटईवर मी नातीला मांडीवर घेतलं. वारा होता, आणि पोरीचं डोकं उघडं.

माझ्याकडे कुंची तयार होती. नव्या जिवाला पहिलं कापड घरातल्या वडीलधाऱ्याच्या जुन्या धोतराचं घालायचं, मऊही असतं आणि त्यांचं आयुष्यही लागतं. आमच्यात सगळ्या आज्या असंच करतात. मी कित्येक संध्याकाळी दारात बसून मामंजींच्या धोतराची ती कुंची शिवली होती, कडेला लाल गोट लावून. मी धावत आत गेले, ती आणली आणि माझ्या हातानं पोरीला घातली. हनुवटीखाली बंद बांधले. सुटू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली.

एक टाचणी जाऊ न देणारी मी. नातीचं तोंड पाहिलं आणि सगळं विसरले.

दिवेलागणीला उरलेला लाल गोट डब्यात ठेवायला गेले तेव्हा आठवलं. धावत सिते गाठली. बसंती चुलीवरची कढई तशीच टाकून उठली. "मी जाते. तू गेलीस तर तुला वाटेतूनच उचलून आणतील." तिला सुरिनामची शेवटची बस मिळाली, ती मी पाहिली. राजधानीत पोर्लुईला पुढची पितोंची मिळाली का, हे मला ठाऊक नाही. पितोंच्या ज्या दुकानात टेलिफोन आहे ते रविवारी दुपारी बंद होतं.

परत आल्यावर मी नारळ घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, "ऐक रे. कापड तुजं. ने. टोप तुजा, बकरी तुजी, सासरा तुजा, मी तुजी. पोरगी तुजी न्हाय. तिला तुज्या पदरात कुनी घातली न्हाय. गाठ सोडायला येत नसंल तर शिकून घे. आमचं गाऱ्हानं शिकलास ना? मग गाठ सोडायला शीक."

मागे कोपऱ्यात खाकरणं झालं. मी पदर घेतला नाही.

टोप आला होता तो खिरीसकट आला होता. बकरी आली होती ती खुंट्यासकट. मी झोपले नाही. दाराला आतून पाठ लावून बसले. बसंती पोचली असेल, असं म्हणते. तिनं दार वाजवलं असेल, निर्मलानं उघडलं असेल, दोघींनी मिळून गाठ सोडली असेल. दुहेरी गाठ आहे, पण दोघी आहेत.

आता फटींतून तांबडं दिसायला लागलंय. दारापलीकडे पाणी निथळतंय. कुणीतरी वाकलं, आणि उंबऱ्यावर काहीतरी अलगद, फार जपून ठेवलं. मला त्याचा आवाज आला.

कापड ठेवलं तर आवाज होत नाही.